बाबा गेल्याचं सगळ्यांना कळलं, आता बाबा कोण होते ते सांग

ताई,

माझे बाबा गेले त्याला आता पाच महिने होतील. पहाटे हार्ट अटॅक आला आणि हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी दुसऱ्या शहरात असते, मला फोनवर कळलं. मी 34 वर्षांची आहे, नोकरी करते. बाहेरून बघणाऱ्याला माझं सगळं सुरळीत चाललंय असंच वाटेल.

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. पहिले पंधरा दिवस तिघींनी मला एकटं सोडलं नाही. एक तर रजा टाकून आली, रात्री माझ्या शेजारी झोपायची. मग हळूहळू सगळं थांबलं. आता ग्रुपवर सहलींचे बेत, मुलांचे फोटो, विनोद. अधूनमधून कोणीतरी 'कशी आहेस?' विचारतं, मी 'ठीक' म्हणते, विषय संपतो. त्यातली जी माझी सगळ्यांत जवळची, तिचे बाबा धडधाकट आहेत. महिन्यापूर्वी फोनवर बोलता बोलता ती 'बाबांनी नवी गाडी घेतली' म्हणाली आणि एकदम गप्प झाली. त्यानंतर तिचा फोनच नाही. मला राग आलाय. तो तिचा आहे की तिला बाबा आहेत याचा, तेच कळत नाही, आणि त्याची लाजही वाटते.

आईसमोर रडता येत नाही, मला बघून ती कोसळते. दादा कागदपत्रांत बुडालाय, म्हणतो 'सावर आता'. ऑफिसात एक सहकारी आहे, तिचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आमची फार ओळखही नव्हती. ती रोज सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसते, काही विचारत नाही. तिच्याजवळ मोकळं वाटतं आणि मग जुन्या मैत्रिणींशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. परवा कशावरून तरी खूप हसले आणि घरी येऊन तितकीच रडले.

रात्री साडेनऊला बाबांचा फोन यायचा. अजून त्या वेळेला हात फोनकडे जातो. हे नॉर्मल आहे का? आणि मैत्रिणींना हे सगळं किती दिवस सांगायचं? कोणालाही कंटाळा येईलच ना?

— धाकटी

प्रिय धाकटे,

तुझ्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण तुझे बाबा मला तिथे पहिल्यांदा भेटले. रात्री साडेनऊला न चुकता लेकीला फोन करणारा माणूस. त्याआधीच्या सगळ्या मजकुरात पहाट आहे, हॉस्पिटल आहे, मैत्रिणी आहेत, आई आणि दादा आहेत, पण बाबा नाहीत. ते काय करायचे, कशावर चिडायचे, त्या फोनवर तुम्ही काय बोलायचात, यातलं मला काहीच कळलं नाही. मला दाट शंका आहे की तुझ्या मैत्रिणींनाही ते फारसं कळलेलं नाही. तू जे विचारलंयस त्याचं बरंचसं उत्तर मला तिथेच दिसतं, आणि मी तिकडे येणारच आहे. पण आधी हात फोनकडे जातो त्याबद्दल बोलू, कारण रात्री एकटी असताना त्याची भीती वाटत असणार.

यात घाबरण्यासारखं काही नाही. बाबा गेले ही बातमी तुला एका फोनमध्ये कळली, पण वर्षानुवर्षांच्या सवयींना ती एकदम कळत नाही. प्रत्येक सवयीला ती वेगळी कळावी लागते. साडेनऊला कळते, मग एखादी वस्तू बिघडली आणि 'बाबांना विचारू' असं मनात आलं की पुन्हा कळते, कुठल्याशा फॉर्मवर वडिलांचं नाव लिहिताना पुन्हा. गेलेल्या माणसाला मन शोधत राहतं, हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी शोकातल्या माणसांचा अभ्यास करताना बारकाईने नोंदवलं होतं. वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस, यांनी जोडीदार गमावलेल्या जवळजवळ 300 लोकांशी बोलून 1971 मध्ये आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेलं माणूस आसपास असल्याचं जाणवलं होतं. कुणाला ते दिसलं होतं, कुणाला त्याचा आवाज आला होता. आणि बहुतेकांनी ही गोष्ट कुणाजवळही बोलून दाखवली नव्हती. तू निदान मला सांगितलंस. तुझ्या आईलाही असं काही होत असेल, आणि तीही गप्प असेल.

दादाच्या 'सावर आता'चं काय करायचं? पाच महिने त्याला पुष्कळ वाटतात. पण ज्यांचं कामच निदान करणं आहे, ते लोकसुद्धा इतकी घाई करत नाहीत. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली आहे, पण त्यासाठी किमान 6 महिने जायला हवेत अशी अट आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या निकषांत मोठ्या माणसांसाठी ही मुदत 12 महिन्यांची आहे. आणि नुसता काळ उलटून भागत नाही, त्या दुःखाने रोजचं जगणंच ठप्प झालेलं असावं लागतं. तू रडतेस आणि कामालाही जातेस. मला यात आजार दिसत नाही. वडील गेलेली मुलगी दिसते.

कुणीतरी तुला शोकाच्या पाच पायऱ्याही सांगेल. तू आता कितव्या पायरीवर आहेस असंही विचारेल. त्याकडे फार लक्ष देऊ नकोस. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पाच अवस्था मांडल्या, त्या स्वतःचा मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. मला त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांचं म्हणणं जास्त पटतं. त्यांनी 1999 मध्ये असं मांडलं की शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो. कधी तो गमावलेल्या माणसापाशी असतो, कधी पुढच्या जगण्याच्या कामात. दोन्ही बाजू लागतात, आणि ही ये-जा हाच शोक पेलण्याचा मार्ग असतो. परवा तू हसलीस आणि मग रडलीस, ती हीच ये-जा. हसल्याने बाबांशी काही दगाफटका झालेला नाही. दादा सध्या कागदपत्रांच्या बाजूला जास्त वेळ काढतोय, एवढंच. त्याचं तिकडून इकडे येणं तुला दिसत नसेल, पण ते होत नाही असं समजू नकोस.

आता मैत्रिणी.

पहिल्या पंधरा दिवसांत त्यांच्याजवळ करण्यासारखं काहीतरी होतं. तुझ्याजवळ येणं, तुला झोपवणं, तुझे फोन घेणं. ते काम संपलं आणि पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सोळाव्या दिवशी प्रेम आटलं असं कधी होत नाही, पण धीर मात्र जातो. बाबांचं नाव काढलं तर हिला आठवण होईल, चांगली चाललेली असेल तर उगाच रडेल, असं त्यांना वाटत असतं. जणू तू दिवसभरात विसरलेलीच असतेस. शोकातल्या माणसाभोवती जी शांतता पसरते, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच भीती असते. आणि ती भीती खरी आहे की खोटी हे त्यांना कळायला एकच वाट होती, 'कशी आहेस?' या प्रश्नाची. त्याला तू 'ठीक' म्हणतेस. मी तुला दोष देत नाही. त्या प्रश्नाचं खरं उत्तर ग्रुपवर टाइप करता येण्यासारखं नसतंच. पण त्यांच्या बाजूने बघ. त्यांनी दार वाजवलं आणि आतून आवाज आला की सगळं ठीक आहे.

म्हणून आता दार तुला उघडावं लागेल. जी दुःखात आहे तिनेच पुढाकार घ्यायचा, हे न्यायाचं नाही, मला मान्य आहे. पण त्यांना काय हवंय हे माहीत नाही आणि तुला थोडंफार माहीत आहे. ग्रुपवर असं काहीतरी लिही, तुझ्या शब्दांत:

'मला अजून बरं वाटत नाहीये. मी ठीक म्हणते तेव्हा बहुतेक वेळा नसते. तुम्ही काही करून हे बरं करावं अशी अपेक्षा नाही, ते होण्यासारखंही नाही. पण बाबांचं नाव घ्या माझ्यासमोर. मी रडले तर रडू द्या. तुमचे विनोद आणि फोटो चालू राहू देत, एखाद्या दिवशी मी उत्तर दिलं नाही तर रागावू नका.'

कंटाळ्याबद्दल तू विचारलंस, तर खरं सांगते. एकाच माणसाला रोज सगळं सांगितलं तर ते माणूस थकतं, कितीही जीव असला तरी. वडील जाण्याचं दुःख एका मैत्रिणीला पेलवणारं नाही, म्हणून ते एकीवर टाकू नये. वाटून द्यावं, आणि तेही ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे. रात्री शेजारी येऊन झोपली ती सोबत करू शकते. तिला गप्पांसाठी बोलावण्यापेक्षा, बाबांचं कपाट उघडायचं ठरवाल त्या दिवशी बोलाव. दुसरी कुणी कामाला वाघ असेल, तिला बँकेची आणि विम्याची कागदपत्रं दे. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्या माणसाला नेमकं काम दिलं की त्याला हायसं वाटतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. एखादी निव्वळ चालायला चांगली असते, तासभर शेजारून चालेल आणि एक शब्द काढणार नाही. तिला तेच करू दे. बोलायचंच असेल तेव्हा आधी विचारून घे, 'आज ऐकायला वेळ आहे का?' तिला नाही म्हणायची मोकळीक मिळाली की तिचं हो खरं असतं. आणि त्यांचं काय चाललंय हेही विचारत जा. तुझं दुःख मोठं आहे म्हणून तुझं मैत्रीण असणं थांबलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणाची तरी काळजी करण्यात तुलाही घटकाभर विसावा मिळेल.

साडेनऊची वेळ मात्र दुसऱ्या कुणी भरून काढावी असं मी म्हणणार नाही. ती तुमच्या दोघांची होती. पण पावणेदहाला कुणीतरी फोन करावा, असं एकीला सांगायला हरकत नाही. साडेनऊ एकटीने निघतील, आणि पलीकडे कुणीतरी आहे हे माहीत असेल.

एक काम मात्र या आठवड्यातच कर, आणि फोनमधलं ज्या मैत्रिणीला कळतं तिला सोबत घे. बाबांचे आवाज. तुझ्या फोनमधले त्यांचे व्हॉइस मेसेज, व्हिडिओ, कुणाच्या तरी लग्नात मागून ऐकू येणारं त्यांचं बोलणं, सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवून ठेव. व्हॉट्सॲपचं खातं वापरात नसलं की साधारण 120 दिवसांनी काढून टाकलं जातं, म्हणजे बाबांचा फोन कुणी चालू ठेवला नसेल तर त्यांचं खातं एव्हाना गेलंही असेल. तुझ्याकडे आलेले मेसेज तुझ्या फोनमध्ये राहतात, पण तो फोन हरवला किंवा बिघडला तर तेही जातील. बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. बाबांच्या नावापुढे एके दिवशी अनोळखी चेहरा दिसला तर काय होईल ते तुला सांगायला नको. दादाला विचार, नंबर सुरू ठेवलाय का. आवाज आत्ताच ऐकले पाहिजेत असं काही नाही. वर्षभर ऐकवले नाहीत तरी चालेल. ते हाताशी असावेत.

आता ती, गाडीबद्दल बोलून गप्प झालेली.

ती तुला विसरलेली नाही. ती स्वतःच्याच वाक्याने घाबरली. आपल्याला बाबा आहेत आणि हिला नाहीत, हे तिला त्या क्षणी जाणवलं आणि तिला अपराध्यासारखं झालं. मग एक दिवस फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी कालचा न केल्याची लाज, आठवड्याने त्याहून मोठी. असे महिने जातात. चांगल्या मैत्र्या अशाच तुटतात, भांडण न होता. तुझ्या रागाबद्दल म्हणशील तर तो हेवा आहे, आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही. ज्यांचे वडील आहेत त्यांचा हेवा वडील गेलेल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा वाटतो. रस्त्यात एखादे म्हातारे गृहस्थ मुलीचा हात धरून चालताना दिसले तरी वाटतो. तू तिचं वाईट चिंतलेलं नाहीस. तिला लिही:

'त्या दिवशी तू गाडीचं बोललीस आणि गप्प झालीस. तुझे बाबा आहेत याचा मला आनंद आहे, पण काही दिवस ते ऐकताना मला जड जाईल. मी तेव्हा गप्प झाले तर समजून घे. पण तू फोन बंद केलास ते त्याहून जड गेलं. ये भेटायला.'

आणि ती आली की तिला एकच विचार: 'तुला माझे बाबा कसे आठवतात?'

इथे मला जे सांगायचंय ते आलं. कॉलेजपासूनची मैत्रीण म्हणजे तुझ्या घरी आलेली असणार. तिने त्यांना काका म्हटलं असेल, त्यांनी तिला काहीतरी विचारलं असेल, उशीर झाला म्हणून ओरडले असतील, तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल काहीतरी बोलले असतील. मुलीसमोर वडील जे बोलत नाहीत ते मुलीच्या मैत्रिणीसमोर बोलून जातात. तू ज्या बाबांना ओळखतेस त्यांच्याबाहेरही बाबा होते, आणि त्यांचा थोडा भाग या तिघींजवळ आहे. तो मागितल्याशिवाय त्या देणार नाहीत, कारण त्यांना वाटतंय की ते नाव काढायचंच नाही. सांत्वनाचे शब्द कुणालाही धड सुचत नाहीत. पण 'काका एकदा काय म्हणाले माहितीये का' असं वाक्य त्यांच्यापैकी प्रत्येकीला येतं.

आणि तूही सांग. आतापर्यंत तू त्यांना बाबांचं जाणं सांगितलंयस, तेही बहुधा एका ओळीत, मला लिहिलंस तसंच. बाबा सांग. कसे चालायचे, कुठली बातमी वाचून चिडायचे, पैशाच्या बाबतीत किती हट्टी होते, तुझ्या कुठल्या निर्णयाला त्यांनी आडकाठी केली होती. फक्त चांगलंच सांगायला हवं असं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून आपण त्याचा नुसता फोटो करून ठेवतो, आणि मग फोटोशी बोलता येत नाही म्हणून रडतो. काही भांडणं अर्धी राहिली असतील तर तीही सांग. तुझे बाबा तुझ्या बोलण्यात चिडके, मायाळू, विसराळू, जसे होते तसे आले, तर मैत्रिणींनाही कळेल की तू नेमकं काय गमावलंयस. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यासाठी कुणाला किती वेळ रडता येईल? ओळख करून दिलीस तर त्या तुझ्यासोबत रडतील, आणि हसतीलही.

हे भूतकाळात अडकून राहणं आहे का, असं दादा म्हणेल कदाचित. एके काळी जाणकारही तसंच म्हणत. फ्रॉइड यांनी 1917 मध्ये लिहिलं तेव्हा गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं हेच शोकाचं काम आहे असं मानलं होतं. पुढे 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी वेगळं मांडलं. आई किंवा वडील गमावलेली मुलं नातं तोडत नाहीत, ते नव्याने घडवत राहतात. त्यांच्याशी बोलतात, त्यांच्या वस्तू जवळ ठेवतात, ते आपल्याकडे बघतायत असं त्यांना वाटतं, आणि वय वाढतं तसं ते नातंही बदलत जातं. त्यांच्या अभ्यासातली मुलं लहान होती. चौतिशीतल्या मुलीला हे लागू नाही असं मला वाटत नाही.

त्या पहाटेबद्दलही थोडं. बाबा अचानक गेले, तू तिथे नव्हतीस, निरोप घेता आला नाही. हे असं घडलं की मन तेच तेच उगाळत राहतं. आदल्या रात्री फोनवर मी काय बोलले, लवकर ठेवला का, मला कळायला हवं होतं का. तिघींपैकी जिचं ऐकणं चांगलं आहे तिला हे एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांग. फोन वाजला तेव्हा तू कुठे होतीस, कुणाचा होता, मग काय केलंस, प्रवासात काय दिसत होतं. तिने सल्ला देऊ नये, 'तुझी चूक नाही' असंही लगेच म्हणू नये, असं आधीच सांगून ठेव. एकदा सांगून ते मिटणार नाही, पुन्हा सांगावं लागेल. सांगता सांगता त्याची धार कमी होते.

हे आईला का सांगता येत नाही, याचं उत्तर तुझ्या स्वभावात शोधू नकोस. सुझन सिल्क नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये एक साधी रीत सांगितली होती. दुःखाच्या मध्यभागी कोण आहे ते बघायचं, त्याच्याभोवती जवळचे, त्यांच्याभोवती जरा दूरचे, अशी वर्तुळं काढायची. धीर आतल्या दिशेने द्यायचा आणि आपलं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायचं. तुझ्या घरात मध्यभागी आई आहे, आणि तू नि दादा तिला अगदी चिकटून. तुम्ही तिघं एकाच पडझडीत आहात, कुणी कुणाला टेकायचं? बाहेरच्या वर्तुळातले लोक म्हणजे मैत्रिणी. त्या घरच्या नाहीत म्हणूनच त्यांचा आधार होतो. आईजवळ रडता येत नसेल तर तिला बाबांबद्दल काहीतरी विचार, तुझ्या जन्माआधीचं. ती रडेल, पण बोलेलही. दादाकडे एक दिवस जाऊन त्याच्या शेजारी बसून ती कागदपत्रं लाव. समोरासमोर बसून तो काही बोलणार नाही, फाइल चाळताना बोलेल.

आणि ऑफिसातली ती. यात कसली बेइमानी? जुन्या मैत्रिणींनी बाबांना पाहिलंय, हिने वडील गेल्यानंतरचे दिवस पाहिलेत. दोन्ही तुला हवंय. तू फक्त एक कर, तिला तिच्या वडिलांबद्दल विचार. तीन वर्षांनी तिला ते कुणी विचारत असेल असं मला वाटत नाही. ती रोज तुझ्याजवळ येऊन बसते त्यात तिचंही काहीतरी असेल.

एक गोष्ट गंभीरपणे लिहिते. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, कामावर जाणं अशक्य होत असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर रात्री निघत असतील, किंवा वर्ष होत आलं तरी पहिल्या आठवड्याइतकीच तीव्र ओढ दिवसभर राहत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. यावर खास उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. आणि 'बाबांकडे जावं' असा विचार मनात आला, नुसता चाटून गेला तरी, त्याच दिवशी कुणाला तरी सांग आणि डॉक्टर गाठ. रजा टाकून आली होती ना, तिला सोबत ने. हे सांगताना शब्द जुळवत बसू नकोस, कसंही सांग.

शेवटी कॅलेंडरचं एक काम. पहिल्या वर्षातल्या काही तारखा अंगावर येतात. त्यांचा वाढदिवस, तुझा वाढदिवस, आईबाबांच्या लग्नाचा, आणि मग ते गेले तो दिवस. त्या दिवसापेक्षा आधीचा आठवडा बऱ्याच जणांना जास्त कठीण जातो. मैत्रिणींना या तारखा पाठ नसतात, आणि त्यांनी आपणहून लक्षात ठेवाव्यात म्हणून वाट बघत बसलीस तर त्या दिवशी दुःखात रुसव्याची भर पडेल. म्हणून यादी करून आजच त्यांना पाठव. पुढे लिही, त्या दिवशी मला एकटं राहायचंय की कुणी हवंय, आणि आयत्या वेळी माझं मन बदललं तरी चालवून घ्या. त्यातली सगळ्यांत जवळची तारीख कुठली आहे ते बघ, आणि त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेव. दादालाही विचार, तो घेतोय का.

— ताई